‘सोर्स सापडला नाही’: दर तिसऱ्या सोमवारी उलटणाऱ्या टूलचं निदान

दुखणं असं. पॅकेजेसची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या गठ्ठ्यांची, यादी दिली की प्रत्येकाचा मूळ कोड कुठल्या रेपोत (कोड ठेवायच्या ऑनलाइन कोठारात) आहे ते शोधून देणारं एक लहानसं टूल आम्ही पायथनमध्ये लिहिलंय. ऑफिसात त्याला ‘ठिकाणा’ म्हणतात. रविवारी रात्री सर्व्हरवर क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम, ते चालवतो आणि सोमवारी सकाळी अहवाल मेलमध्ये येऊन पडतो. एक सोमवार चोख, दुसरा सोमवार चोख, आणि तिसऱ्या सोमवारी १८४ पैकी शंभरावर ओळींपुढे तेच वाक्य: ‘सोर्स सापडला नाही’. मग मी सर्व्हरवर लॉगिन करायचे, कॅश (टूलने जपून ठेवलेली जुनी उत्तरं) पुसायचे, हाताने एकदा चालवायचे, की सगळं जागच्या जागी. तीन आठवडे शांतता, मग पुन्हा तेच.

हे टूल लिहायची वेळ का आली, ते आधी सांगते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यासाठी आम्ही मशीनवरचे काउंटर वाचून पडद्यावर दाखवणारी प्रणाली बनवली. त्यांच्या परदेशातल्या गिऱ्हाइकाने विचारलं, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचे घटक कोणकोणते आहेत, त्यांचा परवाना काय आणि मूळ कोड कुठे आहे? याला हल्ली एसबीओएम म्हणतात, म्हणजे घटकांची यादीच. नावं आणि आवृत्त्या काढणं अर्ध्या तासाचं काम. ‘मूळ कोड कुठे’ या एका रकान्याने मात्र आमचे चार महिने खाल्ले.

पहिला संशय अर्थातच करंटवर. जुलैचे दिवस, खानापूरकडे पाऊस नुसता कोसळत होता, आणि टिळकवाडीतल्या आमच्या ऑफिसात रविवारी रात्री करंट जाऊन येणं नवं नव्हतं. राउटर बंद पडला असेल, नेट गेलं असेल, असं म्हणून दोनदा विषय सोडून दिला. राउटरसाठी वेगळी बॅटरी घेतली. त्यापुढच्या तिसऱ्या सोमवारी अहवाल पुन्हा आडवा. बॅटरी कामाची आहे, पण तिचा याच्याशी संबंध नव्हता.

पाचव्या खेपेला ठरवलं, कॅश पुसायची नाही. आहे तसाच अहवाल उघडून ओळ न् ओळ बघायची. खानापूरहून रोज येऊन-जाऊन करणारा आमचा शिकाऊ पोरगा शेजारी बसला होता. त्याने पाच मिनिटांत जे पाहिलं ते मला चार खेपांत दिसलं नव्हतं.

“ताई, डीच्या पुढचं एक पण येईना झालंय बघा.”

यादी इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली. ए, बी, सी धडाधड बरोबर. डीमध्ये कुठेतरी रेघ ओढल्यासारखं, आणि तिथून खाली सगळा अंधार. अंधारात फक्त आठ-दहा दिवे, आणि ते सगळे गिटलॅब या साइटवरचे.

“वरचे किती बरोबर आहेत? मोज रे.”

“साठ. गिटलॅबचे सोडून.”

साठ हा आकडा ऐकला आणि कपाळावर हात मारून घेतला. रेपो ठेवणारी दुसरी साइट गिटहब; तिच्या एपीआयला (प्रोग्रॅमने प्रश्न विचारायच्या खिडकीला) ओळख न दाखवता विचारलं तर एका आयपी पत्त्याला तासाला ६० विनंत्या मिळतात. टोकन, म्हणजे ओळखीची गुप्त किल्ली, दाखवलं तर तासाला ५,०००. आमचं टूल पॅकेजच्या नोंदीतून रेपोचा पत्ता काढतं आणि तो रेपो खरंच आहे का, त्याचं आजचं नाव काय, हे गिटहबला विचारून घेतं. म्हणजे टूल टोकनाशिवाय चाललं होतं. पण टोकन तर होतं!

होतं, माझ्या बॅशआरसी फाइलमध्ये. मी लॉगिन केलं की ती फाइल वाचली जाते आणि टोकन हाताशी येतं. क्रॉन ती फाइल वाचतच नाही. तो अगदी तुटपुंज्या परिसरात, मोजकी चार व्हेरिएबल्स घेऊन काम सुरू करतो. म्हणून मी चालवलं की चालायचं आणि क्रॉनने चालवलं की ६० वर अडायचं.

मग दर रविवारी का नाही अडायचं? इथे कॅशने घोळ घातला होता. सापडलेलं उत्तर आम्ही १४ दिवस जपून ठेवत होतो. सोमवारी मी हाताने चालवलं की सगळी उत्तरं ताजी. पुढच्या रविवारी ती सहा दिवसांची, त्यापुढच्या रविवारी तेरा दिवसांची, म्हणजे गिटहबला विचारायची गरजच नाही. तिसऱ्या रविवारी वीस दिवस झालेले, सगळी शिळी, सगळी नव्याने विचारायची, आणि साठाव्या विनंतीनंतर दार बंद. चौदा दिवसांची कॅश आणि सात दिवसांचा क्रॉन मिळून एकवीस दिवसांचं दुखणं तयार झालं होतं.

वर आणखी एक चूक माझीच. उत्तराचा आकडा २०० (म्हणजे ‘ठीक’) नसेल तर ‘सापडला नाही’ म्हणायचं आणि तेही कॅशमध्ये १४ दिवस ठेवायचं, असं मी लिहिलेलं. दार बंद होतं म्हणून माणूस घरात नाही असं ठरवलं आणि ती नोंद पंधरवडाभर खरी मानली.

आता दुरुस्ती

टोकन फाइलमध्ये ठेवा, ती फाइल ज्या खात्याने टूल चालतं त्यालाच वाचता येईल अशी करा, आणि टूलने ती स्वतः उघडावी. लॉगिनच्या परिसरावर विसंबू नका. टूल सुरू होताच गिटहबच्या रेट लिमिटच्या पत्त्यावर एकदा विचारा. त्या विनंतीचा हिशेब धरत नाहीत. ‘शिल्लक ५,०००’ असं आलं तर टोकन पोचलंय, ‘शिल्लक ६०’ आलं तर नाही. ही एक ओळ लॉगमध्ये पहिल्या दिवसापासून असती तर चार महिने वाचले असते.

मग उत्तरांचे प्रकार वेगळे करा. आमच्याकडे आता असे आहेत. २०० म्हणजे रेपो आहे, कॅश करा. ३०१ म्हणजे रेपो हलला, नवा पत्ता घ्या आणि जुना पण लिहून ठेवा. ४०४ म्हणजे रेपो नाही किंवा तुम्हाला दिसण्याजोगा नाही. खाजगी रेपोलाही गिटहब ४०४ च देतं, त्यामुळे ‘पुसला गेला’ असं परस्पर लिहू नका. ४०३ किंवा ४२९ आलं आणि शिल्लक विनंत्यांच्या हेडरमध्ये (उत्तराच्या माथ्यावरच्या नोंदीत) शून्य असेल तर ‘विचारता आलं नाही’ लिहा. मर्यादा पुन्हा कधी उघडेल तो क्षण बरोबरच्या हेडरमध्ये यूटीसीच्या सेकंदांत दिलेला असतो, तोवर थांबा. टाइमआउट आणि ५०० च्या घरातले आकडे हेही ‘विचारता आलं नाही’ यातच. ही उत्तरं कॅशमध्ये ठेवायची नाहीत, अगदी एक तासभरसुद्धा.

४०१ बद्दल वेगळं सांगायला हवं, कारण दुरुस्तीनंतर तीन महिन्यांनी आम्ही त्यात पडलो. टोकनची मुदत संपली होती. मला वाटायचं, मुदत संपली तर निदान बिनटोकनचे ६० तरी मिळतील. नाही मिळत. खोटं किंवा मेलेलं टोकन दाखवलं तर सार्वजनिक रेपोसाठीही ४०१ येतं. ओळखपत्र नसलेल्याला आत सोडतील, पण जुनं दाखवणाऱ्याला गेटवरच अडवतील, तसं. तेव्हा ४०१ आला की टूलने पुढचं एकही पॅकेज न विचारता ओरडून बंद पडावं.

विनंत्या वाचवायच्या असतील तर दोन वाटा. पहिली, मागच्या उत्तराबरोबर आलेला ईटॅग (त्या उत्तराच्या आवृत्तीची खूण) जपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तो दाखवून विचारायचं. काही बदललं नसेल तर ३०४ येतं, आणि टोकनसह विचारलं असेल तर ते मोजलं जात नाही. दुसरी, नुसता रेपो आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर एपीआय सोडून गिट एलएस-रिमोट ही कमांड वापरायची. यात एक खड्डा आहे. रेपो नसेल तर गिटहब थेट नाही म्हणत नाही, युजरनेम मागतं, आणि क्रॉनमधलं टूल उत्तराची वाट बघत बसून राहू शकतं. त्यासाठी गिट टर्मिनल प्रॉम्प्ट हे व्हेरिएबल शून्य करून ठेवा, मग ते न विचारता चूक म्हणून परत येईल.

कॉलेजच्या लॅबमध्ये असलं टूल शिकवत असाल तर हेही ध्यानात घ्या: सगळ्या लॅबचा बाहेरचा आयपी बहुधा एकच असतो. तीस पोरांनी दोन-दोन पॅकेजेस विचारली की तासाचा कोटा खलास. एकतिसाव्याला वाटतं आपला कोड चुकलाय.

पत्ता आहे, पण वाचला चुकीचा

कोट्याचा प्रश्न सुटला आणि खरे ‘सापडला नाही’ वर आले. शंभरावरून सतरावर. या सतरांत निम्मी पॅकेजेस अशी की ज्यांचा पत्ता नोंदीत धडधडीत लिहिलेला होता.

पायटेस्टचं उदाहरण घ्या. पायथनवाल्यांना रोजचं पॅकेज. टूल म्हणतं, ‘पायटेस’ नावाचा रेपो अस्तित्वात नाही. बरोबरच आहे, नाहीच. शेवटचा टी कुठे गेला? पत्त्याच्या टोकाचं ‘डॉट गिट’ कापायला मी आरस्ट्रिप वापरलं होतं. आरस्ट्रिप शब्द कापत नाही; दिलेल्या अक्षरांपैकी कुठलंही अक्षर टोकाला दिसलं की खात सुटतं. टिंब, जी, आय, टी यांतलं काहीही. पायटेस्टच्या पत्त्याला शेवटी डॉट गिट नव्हतंच, तरी त्याने टी खाल्ला आणि एसपाशी थांबलं. ‘लेजिट’ असं नाव असेल तर ‘ले’ एवढंच हातात उरेल. पायथन ३.९ पासून रिमूव्हसफिक्स आहे, ते वापरा. ही चूक इतकी जुनी आणि इतकी सगळ्यांनी केलेली आहे की मला लाज वाटायला नको, पण वाटली.

एनपीएमच्या, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या, बाजूला पत्ता किती वेषांत येतो ते बघा. पॅकेज डॉट जेसनमधलं रिपॉझिटरी हे फील्ड कधी नुसती ओळ असते, कधी ऑब्जेक्ट. ओळ असली तर ‘मालक/रेपो’ एवढंच लिहिलं तरी चालतं आणि त्याचा अर्थ गिटहब असा घ्यायचा. ‘गिटलॅब:’ किंवा ‘बिटबकेट:’ पुढे लावलं तर तो तो होस्ट. ऑब्जेक्टमध्ये यूआरएल असतो आणि त्याच्या पुढे ‘गिट+एचटीटीपीएस’, ‘गिट+एसएसएच’ किंवा नुसतं ‘गिट’ लागलेलं असतं. नुसतं ‘गिट’ वाले पत्ते विशेष बघा. गिटहबने १५ मार्च २०२२ पासून तो बिनसुरक्षेचा प्रोटोकॉल कायमचा बंद केला. जुन्या पॅकेजेसच्या नोंदीत तो तसाच पडून आहे. पत्ता मेलेला नाही, नुसता पुढचा भाग एचटीटीपीएस करा की उघडतो. मालक आणि रेपो एवढे दोनच तुकडे काढून घ्या आणि पत्ता स्वतः नव्याने बांधा. आलेल्या ओळीला ठिगळं लावत बसू नका.

एनपीएमचे आणखी दोन नेहमीचे अपघात. रजिस्ट्रीकडे, म्हणजे पॅकेजेस जिथून मिळतात त्या साठ्याकडे, पॅकेजचा पूर्ण दस्तऐवज मागितला तर काही पॅकेजेसचा तो अनेक मेगाबाइटचा येतो, म्हणून मी हुशारीने इन्स्टॉलसाठीचा संक्षिप्त दस्तऐवज मागायला लागले. सगळ्या पॅकेजेसची रिपॉझिटरी एका रात्रीत गायब. संक्षिप्त दस्तऐवजात ते फील्ड नसतंच! तिथे अवलंबित्वं, टारबॉलचा (पॅकेजच्या दाबून बांधलेल्या फाइलचा) पत्ता असं इन्स्टॉलला लागणारं तेवढंच असतं. पॅकेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ लावून एकाच आवृत्तीची नोंद मागा, ती लहानही असते आणि पूर्णही. दुसरा अपघात ‘ॲट’ ने सुरू होणाऱ्या नावांचा. बेबेल कोअरसारख्या नावात मधे तिरकी रेघ असते. यूआरएलमध्ये ती टक्के-दोन-एफ अशी लिहिणं बरं, नाहीतर मधलं एखादं प्रॉक्सी तिला फोल्डर समजतं.

आणि याच बेबेलमुळे मोनोरेपोची गाठ पडते. बेबेलची डझनावारी पॅकेजेस एकाच रेपोत, ‘पॅकेजेस’ या फोल्डरखाली राहतात. मग ऑब्जेक्टमधलं डिरेक्टरी हे फील्ड वाचल्याशिवाय तुम्ही गल्लीपर्यंत पोचता, घरापर्यंत नाही. टाइप्स या नावाखालची सगळी पॅकेजेस तर डेफिनिटलीटाइप्ड या एका अवाढव्य रेपोत आहेत. तिथे रेपोचा पत्ता देऊन गिऱ्हाइकाचं काहीच भागत नाही.

ब्लॅकचा गोंधळ

हा आमच्या ऑफिसातला लाडका किस्सा आहे. पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या रजिस्ट्रीवर, पॅकेजचे दुवे प्रोजेक्ट यूआरएल्स नावाच्या कोशात असतात आणि त्यांची लेबलं लेखकाने मनाला येईल ती दिलेली. कुणी ‘सोर्स’, कुणी ‘सोर्स कोड’, कुणी ‘रिपॉझिटरी’, कुणी ‘गिटहब’, कुणी नुसतं ‘कोड’. काहींचा तो कोश रिकामा नसतो, नल असतो, म्हणजे कोशच नाही. तिथे फिरायला गेलात की टूल आडवं. होमपेज या फील्डमध्ये बऱ्याचदा दस्तऐवजांची साइट असते.

लेबलांच्या फंदात नको पडायला म्हणून मी शॉर्टकट काढला: पूर्ण वर्णनात, रीडमी या माहितीपत्रकासकट, गिटहबचा जो पहिला दुवा सापडेल तो रेपो. चाचणीत पाच पॅकेजेस बरोबर आली. मग पूर्ण यादी चालवली आणि अहवालात एकाखाली एक अकरा पॅकेजेसचा सोर्स एकच, ‘ब्लॅक’. ब्लॅक म्हणजे पायथनचा कोड नीटनेटका करणारं साधन. ते वापरणारे लोक रीडमीच्या माथ्यावर त्याचा बिल्ला लावतात, आणि बिल्ल्याला ब्लॅकच्या रेपोचा दुवा असतो. अकरा वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या गावांत लिहिलेली पॅकेजेस आमच्या टूलने एकाच घरात नेऊन बसवली. आणखी दोघांचा मालक ‘स्पॉन्सर्स’ निघाला, कारण देणगीचा दुवा आधी होता आणि त्याचा पहिला तुकडा मी मालकाचं नाव समजले.

वाईट याचं वाटतं की ‘सापडला नाही’ दिसलं असतं तर आम्ही शोधलं असतं. चुकीचा पत्ता मात्र मुकाट्याने पुढे गेला असता. पोराने ब्लॅक ब्लॅक ब्लॅक असं खालीवर वाचलं म्हणून वाचलो.

आता नियम असा केलाय. लेबल घ्यायचं, त्यातली विरामचिन्हं आणि मोकळ्या जागा काढायच्या, सगळी अक्षरं लहान करायची, आणि मगच तुलना करायची. ‘सोर्स-कोड’, ‘सोर्स कोड’ आणि ‘सोर्सकोड’ एकच होतात. हा नियम माझा नाही. २०२४ मध्ये मान्य झालेल्या पेप ७५३ या पायथनच्या प्रस्तावात हेच सांगितलंय आणि कोणती लेबलं ‘सोर्स’ धरायची तेही. ते नसेल तर तक्रारींच्या दुव्यातून मालक-रेपो काढायचे, कारण इश्यूज बहुतेक वेळा त्याच रेपोत असतात. तेही नसेल तर होमपेज, तेही होस्ट ओळखीचा असेल तरच. रीडमी कधीच नाही.

नावांबद्दल एक हमखास चूक: आयात करायचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच समजणं. कोडमध्ये ‘यामल’ आयात केलं म्हणून पायपीआयवर यामल शोधू नका, ते पायवायएएमएल. ‘सीव्ही२’ हे ओपनसीव्ही-पायथन, ‘बीएस४’ हे ब्युटिफुलसूप४. यादी नेहमी लॉकफाइलमधून (बसवलेल्या पॅकेजेसची नेमकी नावं आणि आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमधून) काढा.

रस्ट भाषेच्या पॅकेजेससाठी क्रेट्स डॉट आयओला विचारताना यूजर-एजंटमध्ये तुमची ओळख द्या, नाहीतर ४०३ मिळेल. आणि सेकंदाला एकच विनंती. गो भाषेत आयातीचा पत्ता हाच बहुधा रेपोचा पत्ता, पण गोपीकेजी डॉट इनसारख्या पत्त्यामागे वेगळाच रेपो असतो; ‘गो-गेट=१’ लावून पान मागवा आणि त्यातला मेटा टॅग वाचा.

डेबियनमध्ये मात्र आम्ही जरा जास्तच वेळ घालवला. मशीनशेजारच्या लहान काँप्युटरवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. तिथल्या पॅकेजच्या नोंदीत व्हीसीएस-गिट असं सरळ फील्ड मिळतं, आम्ही खूश. तो पत्ता बहुतेक वेळा साल्साचा, म्हणजे डेबियनवाल्यांनी पॅकेज कसं बांधलं त्या कामाचा रेपो. मूळ लेखकाचं घर होमपेजमध्ये किंवा डेबियन फोल्डरमधल्या अपस्ट्रीम मेटाडेटा फाइलमध्ये शोधावं लागतं. अहवालात दोन रकाने करा, नाहीतर गिऱ्हाइकाचा माणूस एक मागेल आणि तुम्ही दुसरं द्याल.

नाव बदललेली घरं

आमच्या गावाचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. बेळगावचं बेळगावी. नावावरून इथे बोलायला लागलो तर रात्र पुरायची नाही, म्हणून तो विषय इथे नको. पण स्टेशनचा कोड अजून बीजीएमच आहे, गाड्यांवर केए २२ च आहे, आणि पाकिटावर बेळगाव लिहा, बेळगावी लिहा, पिन ५९०००१ बरोबर असला की पोस्टमन येतो.

गिटहबच्या रेपोलाही असा पिन असतो. प्रत्येक रेपोला एक संख्यात्मक आयडी असतो. मालक बदलो, नाव बदलो, आकडा तोच राहतो. ब्लॅकचंच बघा, तो आधी लेखकाच्या स्वतःच्या खात्यात होता, मग पायथनच्या, मग पीएसएफच्या (पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या). जुन्या पत्त्यावर गेलात तर ३०१ तुम्हाला नव्या घरी नेऊन सोडतो. बहुतेक टूलं इथे मुकाट्याने पुढे जातात, आमचंही जायचं. धोका असा की जुन्या नावाने कुणी नवा रेपो काढला की ती वाटाड्याची पाटी निघते आणि तुमचं टूल बिनदिक्कत परक्याच्या घरात शिरतं. पत्ता बरोबर, आतला माणूस वेगळा. म्हणून आम्ही पहिल्या भेटीतच आयडी लिहून ठेवतो. पुढच्या वेळी त्याच पत्त्यावर वेगळा आयडी दिसला तर अहवालात ती ओळ लाल.

काही घरं तर उठूनच गेलेली असतात. गूगल कोड २०१६ मध्ये बंद झालं, बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियलचे (गिटसारख्याच दुसऱ्या साधनाचे) रेपो काढून टाकले. असले पत्ते सापडले तर सॉफ्टवेअर हेरिटेजच्या संग्रहात बघा, बऱ्याचदा प्रत मिळते. अशा ओळीला आम्ही ‘संग्रहात आहे’ असा वेगळा शेरा देतो.

उताऱ्यावरचं नाव

शेवटी एक गोष्ट, जी दुरुस्तीत मोडत नाही पण गिऱ्हाइकाने पहिल्याच बैठकीत विचारली. हा पत्ता खरा कशावरून?

रिपॉझिटरीचं फील्ड पॅकेज चढवणारा स्वतः भरतो. रजिस्ट्री ते तपासत नाही. कुणीही आपल्या पॅकेजपुढे एखाद्या नावाजलेल्या रेपोचा पत्ता लिहू शकतो, आणि लिहितातही, कारण मग त्या रेपोचे तारे (गिटहबवर लोकांनी दिलेली पसंतीची खूण) आपल्या पॅकेजशेजारी झळकतात. कारखान्याच्या मालकांना हे समजावताना मी तांत्रिक शब्द वापरून बघितले, जमलं नाही. मग म्हटलं, “काका, उताऱ्यावर नाव आहे म्हणून शेत तोच कसतोय असं असतंय का?” एका वाक्यात समजलं. त्यांचा स्वतःचा वाटणीचा खटला चालू आहे.

रेपो खरा असला तरी पॅकेजमध्ये तोच कोड आहे याची खात्री नाही. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनातलं मागचं दार (चोरवाट) उघडकीला आणलं, ते ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत होतं. विषारी भाग चाचणीच्या फाइलींत लपवून रेपोत ठेवलेला होता, पण बिल्डच्या वेळी तो जागा करणारी एमफोर फाइल फक्त वाटपाच्या टारबॉलमध्ये होती. रेपो वाचत बसलेल्याला ती दिसलीच नसती.

त्यामुळे आमच्या अहवालात आता ‘सांगितलेला पत्ता’ आणि ‘पडताळलेला पत्ता’ असे दोन शब्द आहेत. एनपीएमवर २०२३ पासून आणि पायपीआयवर २०२४ च्या अखेरीपासून पॅकेज कुठल्या रेपोतून, कुठल्या कमिटवरून (रेपोतल्या नेमक्या कुठल्या नोंदीवरून) बांधलं याचा सहीचा दाखला जोडता येतो. तो असेल आणि सांगितलेल्या पत्त्याशी जुळत असेल तरच ‘पडताळलेला’. बाकी सगळे ‘सांगितलेले’. पहिला असा अहवाल दिला तेव्हा ‘पडताळलेला’ रकाना इतका मोकळा होता की मालकांनी विचारलं, “अजून काम चालूच आहे न्हवं?”

आज १८४ पैकी सात पॅकेजेस कुठल्याच वाटेने सापडत नाहीत. त्यांच्यासाठी हाताने भरायची एक साधी फाइल आहे: पॅकेजचं नाव, पत्ता, कुणी शोधला, कुठल्या तारखेला, कशावरून. टूल आधी ती फाइल बघतं. दोन ओळी पोराने भरल्या, टारबॉल उघडून आतल्या परवान्यावरचं नाव घेऊन. एकीत त्याने ‘कशावरून’ पुढे लिहिलंय, ‘लेखकाला मेल केला होता, अजून उत्तर नाही’, आणि पत्त्याची जागा मोकळी सोडली आहे. गिऱ्हाइकाकडे ती ओळ तशीच गेली.